उठू पाहणारा साळिंदर

मुलांनो, सागाच्या एका जंगलात, ओढ्याकाठच्या बिळात एक साळिंदर राहत असे. रानातल्या पिल्लांसाठी गोष्टी लिहिणे हे त्याचे काम. अंगावरून गळून पडलेला काटा ही त्याची लेखणी, हिरड्याचा रस ही शाई आणि पळसाची वाळलेली पाने हा कागद. बातमी आली तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. साळिंदरीण कंद खणायला टेकडीवर गेली होती. साळिंदर लिहीत होता. त्याच्या गोष्टीतली लंगडी हरिणी पुराच्या पाण्यात शिरून नदीच्या मध्यावर पोहोचली होती. तेवढ्यात टिटवी आली आणि समोर बसून पायाने माती उकरत राहिली. एरवी तिची चोच मिटत नसे. शेवटी ती म्हणाली, "भाऊ, टेकडीची कड ढासळली. वहिनी त्या कडेखालीच खणत होत्या." साळिंदराने लेखणी खाली ठेवली आणि तो तिच्यामागून चालू लागला.

साळिंदरीण गेली. पुढे तो रोज लिहायला बसे आणि रोज उठे. कधी पाणी प्यायला, कधी झाडलेले बीळ पुन्हा झाडायला. पिल्ले विचारत, "काका, ती हरिणी अजून पाण्यातच का हो? तिला थंडी वाजत असेल."  ही गोष्ट अर्धी राहिली तर यापुढे आपल्या हातून एकही गोष्ट होणार नाही, हे साळिंदराला पक्के कळत होते. सोबत हवी म्हणून तो वडावरच्या पोपटांकडे गेला. तिथे सगळेच लेखक! "माझं पुस्तक असं जाड होणार, की दोन हत्ती लागतील उचलायला," पेरू कुरतडत एक पोपट म्हणाला. "आधी पहिली ओळ तर लिही!" दुसरा म्हणाला. "मनावर दगड असला की लेखणी चालत नाही हो," तिसऱ्याने उसासा टाकला. संध्याकाळ झाली. पेरू संपले. लिहिले मात्र कुणीच नाही.

परतताना ओढ्याजवळच्या खडकावर त्याला गोगलगाय दिसली. ती दगडावर रुपेरी ओळ लिहीत होती. शेजारच्या पडलेल्या खोडावर भुंगेरा सालीत अक्षरे कोरत होता आणि खाली ओल्या वाळूत खेकडा आडवा चालत आपली कविता उमटवत होता. "मी बसू का तुमच्यात?" साळिंदराने विचारले. गोगलगाय म्हणाली, "उद्या सकाळी ये. काय लिहिलं ते इथं कुणी विचारत नाही, दुःख काय तेही नाही. ऊन खडकावर येईपर्यंत बसायचं आणि उठायचं ते सगळ्यांनी मिळून." "आणि सुचलंच नाही तर?" "मग नुसता बस. बसायला काय सुचावं लागतं?"

दुसऱ्या दिवशी साळिंदर बसला न बसला तोच त्याला तहान लागली. तो उठला, तसे अंगावरचे सगळे काटे खडखडले. भुंगेऱ्याचे अक्षर वाकडे गेले. "कोण रे तो खुळखुळा?" तो ओरडला. "आम्ही काय वरातीत बसलोय?" साळिंदर ओशाळून खाली बसला. थोड्या वेळाने त्याला पुन्हा उठावेसे वाटले. चार काटे जेमतेम वाजले, तर गोगलगायीची शिंगे त्याच्याकडे वळली. तो बसून राहिला. उठता येत नव्हते, बोलता येत नव्हते आणि समोर पान होते. बऱ्याच वेळाने त्याने एक ओळ लिहिली. हरिणीने पाण्यात एक पाय पुढे टाकला.

मग तो रोज जाऊ लागला. एखाद्या दिवशी पान कोरेच राही, पण काटे वाजत नसत. खेकड्याची कविता पाणी रोज पुसून टाकते, हे त्याने पाहिले होते. एकदा उठल्यावर त्याने विचारले, "वाईट नाही वाटत तुला?"

"वाटतं की," खेकडा म्हणाला. "पण मी नाही आलो तर हे दोघं वाट बघत बसतील. आणि आता तूही."

थंडी पडू लागली तेव्हा हरिणी पलीकडच्या काठाला लागली. पिल्लांनी गोष्ट ऐकली आणि लगेच दुसरी मागितली. साळिंदर दुसऱ्या सकाळी नवी पाने घेऊन खडकावर हजर होता. एक पान त्याने वेगळे काढले, ते साळिंदरिणीसाठी. लेखणी शाईत बुडवून तो त्या पानापाशी बराच वेळ थांबला. शेजारी तिघे आपापले लिहीत होते. मग ते पान बाजूला सारून त्याने पिल्लांची गोष्ट पुढे घेतली. तिचे पान अजून लिहायचे राहिले आहे.

तात्पर्य : एकट्याची बैठक मोडते, सोबत्यांमधली टिकते, म्हणून ज्याला लिहायचे आहे त्याने लिहिण्याच्या गप्पा मारणाऱ्यांत नव्हे, लिहिणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसावे.