तोंड नसलेलं चित्र

फार वर्षांपूर्वी, आंबेखोलच्या डोहाला आवाज होता तेव्हाची ही गोष्ट. दिवेलागणीला डोह एखाद्या पोराला हाक मारायचा, अगदी त्याच्या आईच्या आवाजात. मग ते पोर जेवणखाण टाकून पाण्याकडे बघत बसायचं आणि एके दिवशी नाहीसं व्हायचं, असं म्हणतात.

त्या साली हाक आली येसूच्या धाकट्या भावाला. आईनं त्याला खांबाला बांधून ठेवलं.

त्याच दिवसांत गोंदजी चित्रकथी देवळात उतरला होता. चित्रांची पोथी फळीला टेकवून, एकेक पान उलटत तो गोष्ट सांगायचा. शेवटचं पान मात्र कोरं असायचं. चित्र काढा म्हणून ते तो पोरांपुढे धरायचा. आंबेखोलची पोरं मागं सरायची. पोथी पूजेची, पोरांनी बिघडवायची नाही, असा गावाचा धाक. बिचाऱ्यांना साधी रेघ ओढायचीही भीती वाटायची.

येसू पुढं झाली. डोहातून हाक मारणारं जे काही होतं, ते तिनं कोळशानं काढलं. लांब हात, ओले केस, दोन डोळे. रेघा वाकड्यातिकड्या आल्या.

गावचा खोत हसला. "गो, तेचा तोंड खंय?"

तोंड राहूनच गेलं होतं. येसू पुसायला वाकली, तसा गोंदजीनं तिचा हात धरला. "पुसू नको बाय. चित्रात तोंड नाय, तर तेका तोंड नाय."

त्या संध्याकाळी डोह गप्प राहिला. भावानं भात मागून खाल्ला.

पण खोताला ती चूक बघवेना. पोथी देवळात होती. कुणी नसताना त्यानं चित्रात छान, रेखीव तोंड काढलं. चांगल्या मनानंच काढलं हो, राग येतो तो त्याचाच! दिवेलागणीला पुन्हा हाक आली आणि भाऊ दोर तोडायला लागला.

गोंदजीनं ते पान पाहिलं. खोताचं तोंड शाईचं होतं, पुसलं जाईना. त्यानं येसूला विचारलं, "आता काय करुया?"

येसू म्हणाली, "तेका गोष्ट सांगा. गोष्ट आयकताना कोण बोलणा नाय."

गोंदजी पोथी घेऊन डोहात उतरला. गुडघाभर पाणी, छातीभर पाणी, तरी गोष्ट चालूच. डोकं बुडालं, तरी ती ऐकू येत होती, असं म्हणतात. हाक थांबली ती थांबलीच.

पण पोथीची पानं कधीतरी संपणारच. गोष्ट खुंटू नये म्हणून आंबेखोलात मुलांच्या प्रत्येक चित्रपुस्तकाला शेवटी एक कोरं पान शिवतात. मूल त्यावर चित्र काढतं आणि दिवेलागणीला डोहात सोडतं. त्यातली चूक मोठं माणूस दुरुस्त करत नाही.

पान बुडालं की पाण्याखालून गोंदजी "मगे?" म्हणून पुढचं विचारतो.

काठावरचं मूल कितीही लाजरं असो, "मला येत नाही" म्हणत नाही. ते पुढची गोष्ट सांगू लागतं.