खडीतली नावं

“पण सही का करत नाही, तेवढं तरी सांगा,” हेमांगी म्हणाली.

फकीरबाबा आपल्या तकियाच्या, म्हणजे चौकातल्या मठीच्या, दारात बसले होते. ती समोर, चौकातल्या खडीत उभी.

ब्रह्मदेशातल्या लढाईत मेलेल्या गावच्या एकवीस जणांची नावं कोरलेला दगडी खांब, त्याच्या ओट्या-कठड्यासकट, महिन्यापूर्वीपर्यंत इथेच होता. रस्ता रुंद करताना तो पाडला, फोडला आणि त्याचीच खडी चौकात पसरली.

खांब पुन्हा उभारावा, असा अर्ज हेमांगीने लिहून आणला होता. बाबांनी सही केली, तरच गाव करणार होतं.

“तुझं कोण होतं त्यात?”

“पणजोबा. धोंडजी. देह आला नाही, फोटो नाही. नाव तेवढं होतं. तेही फोडलं.”

“हं...”

“हं काय? तुम्ही तर त्या कठड्यावर लुंगी वाळत घालायचात. तुम्हाला काय फरक पडणार म्हणा.”

“कठडा चांगला तापायचा,” बाबा थकल्या आवाजात म्हणाले.

वडापची जीप येऊन थांबली. म्हातारी तानूबाई बाजाराची पिशवी घेऊन उतरली. डांबर संपलं तिथे थबकली, चपला काढून हातात घेतल्या आणि तापलेल्या खडीवरून अनवाणी चालू लागली. मागून आणखी दोघी उतरल्या. त्यांनीही चपला काढल्या.

“आजी, खांब कुठे राहिलाय आता?” हेमांगीने विचारलं. “आणि होता तेव्हाही चपला ओट्याच्या पायरीशीच काढायचात ना? रस्त्यापासून कधी काढल्यात?”

“तवा नावं वर हुती बाई,” तानूबाई न थांबता म्हणाली. “आता कुठल्या खड्यात कोण हाय, कुनाला ठावं?”

तिघी निघून गेल्या.

हेमांगीने खाली पाहिलं. अर्धा तास ती सँडल घालून तिथेच उभी होती...

तिने सँडल काढले. पाय भाजला. तो तिने उचलला नाही.

“म्हणजे खांब नकोच म्हणता?” आवाज आता खाली आला होता.

“मी कुठे म्हटलं?” बाबांनी हात पुढे केला. “आण तो कागद.”

त्यांनी सावकाश सही केली. कागद परत दिला. भिंतीला टेकून डोळे मिटले.

“चपला काढायची पायरी कुठे बांधायची, ते मात्र तानूबाईला विचार.”