शिंगाड्याची पुरी आणि दिवाणजींचे कलम

“ही पुरी आहे?” राजा गजेंद्रसिंहाने ताटातली काळपट चकती दोन बोटांत धरून विचारले.

“हुकमावरून पुरीच, महाराज,” मुदपाकखान्याची मुख्य आचारीण सगुणाबाई म्हणाली. “शिंगाड्याच्या पिठाची. आज एकादशी.”

राजाने पुरी ताटात टाकली. ठण्ण आवाज झाला.

लाडक्या घोड्याला खोकला झाला तेव्हा राजा नवस बोलून बसला होता, घोडा बरा झाला तर वर्षभर एकादशा करीन. घोडा चार दिवसांत बरा होऊन हरभरे खाऊ लागला. राजाच्या मात्र अजून सोळा एकादशा उरल्या होत्या.

त्यात दिवाण नागोपंतांनी उपासाच्या स्वयंपाकाचा लेखी हुकूम काढलेला. गव्हाच्या जागी शिंगाडा, तांदळाच्या जागी वरई, बेसनाच्या जागी राजगिरा. शेवटचे कलम त्यांना फार आवडे: ‘जो ज्याच्या जागी बसेल, तो मूळचाच समजावा.’

“ते काही नाही,” राजा म्हणाला. “दुपारी मला पुरणपोळी हवी. खऱ्या गव्हाची, खऱ्या हरभऱ्याच्या डाळीची. आणि उपास मोडता कामा नये. नाहीतर घोडा पुन्हा खोकेल.”

“दोन्ही कसं जमायचं, महाराज?”

“ते तू बघ. मी राजा आहे.”

“नाही जमलं तर बाईंनी किल्ल्या ठेवून जावं,” शेजारी उभे असलेले नागोपंत घाईने म्हणाले. “माझा मेहुणा तयार आहे.”

मेहुण्याला दूध तापवता येत असे, म्हणजे उतू जाईपर्यंत. सगुणाबाईने बारा वर्षे सांभाळलेल्या किल्ल्या कमरेला घट्ट खोचल्या आणि डाळ शिजत घातली.

दुपारी वासाच्या मागोमाग नागोपंतही पंगतीला हजर झाले. एकादशीला त्यांना नेमके पित्त होई, त्यामुळे जेवावेच लागे.

राजाचा हात तुपाने निथळणाऱ्या पोळीपर्यंत गेला आणि थांबला.

“गव्हाची?”

“गव्हाची.”

“म्हणजे उपास मोडला!”

“जरा थांबा, महाराज. दिवाणजी, शिंगाडा गव्हाच्या जागी बसला की काय होतं?”

“तो गहूच समजावा. माझंच कलम आहे.”

“चव वेगळी लागली तरी?”

“हुकमापुढे चवीला कोण विचारतो?”

“कलम पिठापुरतंच आहे, की माणसांनाही?”

“सरकारी कलम आहे, बाई,” नागोपंत छाती काढून म्हणाले. “सगळ्यांना लागू. खुद्द महाराजांनाही. खाली त्यांचाच शिक्का आहे.”

“मग झालं की. आज महाराजांच्या जागी दिवाणजी बसतील. पोळी महाराज खातील, उपास दिवाणजी करतील, आणि तो महाराजांनीच केला असं समजावं.”

“अहो, पण मला पित्त...”

“शिंगाडा पित्तावर उत्तम.”

राजा इतका हसला की तुपाची वाटी लवंडली. मग त्याने पोळीचा पहिला घास घेतला. सगळे कान देऊन बसले, पण तबेल्यात घोडा काही खोकला नाही. राजाने हातातले सोन्याचे कडे काढून सगुणाबाईला दिले, मुदपाकखाना तहहयात तिच्या नावे केला आणि उरलेल्या एकादशा दिवाणजींच्या.

नागोपंतांनी पुरीचा तुकडा मोडायचा प्रयत्न केला. मग दुसऱ्या हाताची मदत घेतली.

“हिला पुरी म्हणतात?”

“म्हणत नाहीत, दिवाणजी,” सगुणाबाई वाढता वाढता म्हणाली. “समजावी.”