कॉलरवरचा विंचू

कोसमटोल्याची सरपंच मैनी पुंगाटी सभेला बसली होती, पण तिचं सगळं लक्ष मांडीवरच्या सोमीकडे होतं. लेक तापाने फणफणली होती. मधूनच हुडहुडी भरून तिचे दात वाजत होते. गावात घरोघरी हीच गत. आरोग्य अधिकारी देशकर साहेब मलेरिया तपासायच्या पट्ट्यांची पेटी घेऊन आले होते खरे, पण ती उघडायला मात्र तयार नव्हते.

“असल्या स्वस्त पट्टीचा काय भरवसा? रक्त जिल्ह्याला पाठवू. आठवड्याने अहवाल आला की मग गोळ्या.”

“तोवर पोर तग धरेल का, साहेब?”

“आणि पट्टी चुकली तर? उगाच औषध जाईल पोटात!”

सोमीचे हातपाय आता गार पडत चालले होते. एकाएकी मैनी ओरडली, “साहेब, कॉलरवर विंचू!”

साहेब खुर्ची पाडून उठले आणि शर्ट काढून झटकू लागले. त्यातून काहीच पडलं नाही.

“खोटं बोललात, सरपंचबाई!”

“चुकले, साहेब. पण माझ्या चुकीपायी तुम्हाला नुसता शर्ट झटकावा लागला. विंचू खरा असता आणि तुम्ही जिल्ह्याच्या अहवालाची वाट बघत बसला असता, तर?”

साहेबांनी शर्ट चढवला आणि स्वतःच पेटी उघडली. पहिला थेंब सोमीच्या बोटाचा घेतला. मैनी पट्टीकडे बघत राहिली. मलेरिया असल्याची दुसरी रेघ उमटली, तसा साहेबांनीच गोळीसोबत पाण्याचा पेला पुढे केला.