भानूला विचारून ये

डोंगराच्या पायथ्याशी एक इवलीशी मोगऱ्याची बाग होती आणि त्या वर्षी ती वाळत चालली होती. वरचा झरा आटला होता. हौसाची आई गजरे विकून घर चालवायची. आता कळ्याच धरत नव्हत्या. हौसा रोज लांबच्या नदीवरून कळशी भरून आणायची आणि रोपांना ओंजळ-ओंजळ पाणी पाजायची.

धाकटा भानू तिच्या मागेमागे असायचा. त्याला काही विचारलं, की उत्तर यायला फार वेळ लागे. शेजारच्या तानूमावशी म्हणत, "पोराच्या डोक्यात भुसा भरलाय." हौसाला ते लागायचं. म्हणून भानूच्या वतीने तीच भराभर उत्तरं देऊन टाकायची.

एका सकाळी पानाआड तिला परी दिसली. अंगठ्याएवढी, चतुरासारखे झिरझिरीत पंख; पण ते सुकून चुरगळले होते. कळशीच्या तळाशी हौसाने स्वतःला प्यायला घोटभर पाणी राखलं होतं. तेच तिने हलकेच परीवर शिंपडलं. पंख उलगडले. निळे, गुलाबी, सोनेरी, चमचम करणारे.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "एकच. आणि दुसऱ्यासाठी मागणार असशील, तर आधी त्याला विचारायचं. असा नियम आहे."

हौसाने वाळक्या रोपांकडे पाहिलं. पाणी मागावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली, "माझ्या भानूला इतरांसारखं भराभर चालणारं डोकं दे."

"मग भानूला विचारून ये."

भानू बांधावर बसला होता. हौसाने विचारलं. तो गप्पच राहिला. 'हो म्हणतोय' असं सांगायला ती सवयीने वळलीसुद्धा. पण नियम आठवला आणि ती त्याच्याशेजारी बसून राहिली. एक पिवळं फुलपाखरू आलं, गवतावर बसलं, उडून गेलं.

"ताई," भानू म्हणाला, "कुणी बोललं की मला आधी रंग दिसतात. मग त्यांचं चित्र होतं. मग शब्द शोधावे लागतात." तो थांबला. "तुझं डोकं चिमणीसारखं टुणटुण जातं. माझं गोगलगाईसारखं. पण ते माझं आहे. मला दुसरं नको."

"लोक हसतात रे."

"हसू देत. तू मधेच माझं बोलून टाकतेस ना, त्याचं जास्त वाईट वाटतं."

हौसाचे डोळे भरून आले. "आता नाही बोलणार," ती म्हणाली.

भानूला सोबत घेऊन ती परीकडे गेली आणि तिने खरं ते सांगितलं.

"बरेच जण न विचारताच विचारलं म्हणतात," परी म्हणाली. "तू विचारलंस, ऐकूनही घेतलंस. आता स्वतःसाठी माग."

"झऱ्याला पाणी येऊ दे."

परीने खडकाला बोट लावलं. झुळझुळ पाणी वाहू लागलं, रोपारोपावर मोत्यांएवढ्या कळ्या धरल्या आणि लखलखत्या उजेडात परी साखरेसारखी विरघळून गेली.

संध्याकाळी आई गजरे ओवत होती. झऱ्याची गोष्ट ऐकून आलेल्या तानूमावशींनी भानूला विचारलं, "परी कशी होती रे?" उत्तर येईना, तशा त्या उठल्या.

"बसा ना, मावशी," हौसा म्हणाली. "तो सांगतोय."

त्या बसल्या.

"दिवा विझल्यावर डोळे मिटले तरी तो दिसतो ना," भानू सावकाश म्हणाला, "तशी ती अजून दिसतेय."

तानूमावशींनी डोळे मिटून पाहिले. मग पदर सावरून त्या भानूजवळ सरकल्या. "आणि रंग कुठला रे तिचा?" त्यांनी विचारलं आणि वाट बघत बसल्या.