हौदातली लाली

वस्तू बोलायच्या त्या काळी तुळसाक्का रंगारीण कापड रंगवून झालं, की हौदातल्या सांडपाण्यात तुरटी फिरवायची. गाळ खाली बसायचा, पण रंगाची लाली काही जायची नाही. ते पाणी ओढ्यात सोडलं की म्हशीही तोंड फिरवायच्या.

एकदा कुंभाराने भट्टीत भाजलेल्या पांढऱ्या गोट्या आणल्या. "अक्का, ह्या टाकून बघा," तो म्हणाला. तुळसाक्काने तुरटी काठावर ठेवली आणि गोट्या हौदात सोडल्या. त्या नुसत्या तळाशी पडून राहिल्या. पाणी लालच.

तुरटीचा मात्र जळफळाट झाला. "जन्मभर मी झिजले, आणि माझ्या जागी ह्या ऐतखाऊ!" तिने ढवळायच्या दांडक्याला चिथावलं, "दादा, हाण त्यांना! पार चुरा कर."

दांडक्याने सपाटा लावला. गोट्या चिवट होत्या. फटका बसला की त्यांच्या अंगातून बारीकशी वीज सळसळायची आणि तेवढा रंग विरून जायचा. रागाच्या भरात तुरटीला ते दिसलंच नाही. "अजून हाण!" ती ओरडत राहिली.

दुपारपर्यंत पाणी नितळ झालं. तुरटी वाकून बघते तर काय, पाण्यात तिचंच तोंड, रंगाने माखलेलं. अख्ख्या हौदात तेवढीच लाली उरली होती.