गोजरीचा वाफा आणि दोडक्याची परी

डोंगराच्या कुशीत एक इवलीशी शाळा होती. शाळेमागे इवलीशी परसबाग, आणि बागेच्या अगदी कोपऱ्यात तिसरीतल्या गोजरीचा वाफा. वाफ्यात वांग्याची तीन रोपं. बागेचा नियम असा, की पहिलं फळ शाळेच्या खिचडीत घालायचं, दुसरं आपल्या घरी न्यायचं. गोजरीची आई दिवसभर खडी फोडायची आणि रात्री मिरचीशी भाकरी खायची. तिच्या ताटात एकदा तरी वांग्याची भाजी वाढायची, एवढंच गोजरीच्या मनात होतं. पण शाळेचा हापसा आटला! लांबून आणलेल्या पाण्यातला रोज एकच तांब्या प्रत्येकाला मिळे. बिचाऱ्या रोपांनी माना टाकल्या.

एका दुपारी कुंपणाबाहेर तिला दोडक्याचा सुकलेला वेल दिसला. तो कुणाचाच नव्हता. गोजरीला त्याची फार दया आली. रोज आपल्यातलं अर्धं पाणी ती त्याला घालू लागली. चौथ्या दिवशी, उन्हं कलताना, वेलावर एक पिवळंधमक फूल उमललं आणि त्यातून बोटाएवढी, सोनेरी पंखांची परी बाहेर आली.

"गोजरे, माग बाई एक इच्छा," परी म्हणाली. "पण नियम ऐक हं. एकटीसाठी मागशील, तर माझं फूल मिटेपर्यंत टिकेल. सगळ्यांसाठी मागशील, तर कायमची. मात्र शाळेतल्या सगळ्यांना विचारायचं, आणि कागदावर ज्याचं नाव त्यानेच लिहायचं. एकही राहता कामा नये."

"परीताई, उद्या सांगितलं तर चालंल?"

परी खुदकन हसली. "चालेल की!"

दुसऱ्या दिवशी गोजरी वहीचा कागद घेऊन शाळाभर फिरली. पहिलीतल्या चिमुरड्यांनी वाकडीतिकडी नावं काढली. गुरुजींनी सही केली. खिचडी शिजवणाऱ्या सखूमावशी हात पुसत म्हणाल्या, "मला कधी कुणी इचारलंच न्हवतं गं!" सगळ्यांना पाणीच हवं होतं. तिच्या वर्गातला भैरू तेवढा हटून बसला.

"मला झोपाळा पायजे!"

"का रे?" गोजरीने न चिडता विचारलं.

"माझी बहीण शाळेत यायचं नाव घेत नाय. झोपाळा असला तर यील."

गोजरीने आपल्या वाफ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "माझं एक रोप तिला देते. त्याला पाणी घालायला यील ती."

भैरूने डोकं खाजवलं आणि नाव लिहिलं.

संध्याकाळी परीने कागद वाचला. "एक नाव राहिलं."

गोजरीला रडूच फुटलं. "सगळ्यांना विचारलं गं मी!"

"आणि तुझं कुठंय, वेडाबाई?"

गोजरीने जीभ चावली. डोळे पुसून तिने तळाशी बारीक अक्षरात आपलं नाव लिहिलं. तोच कागदावरची सगळी अक्षरं काजव्यांसारखी लुकलुकली आणि उडत उडत हापशात शिरली. हापसा दोनदा खाकरला, आणि खळखळ, खळखळ, गारेगार पाणी आलं! गोजरीने वळून पाहिलं तर वेलावर नुसता सोनेरी उजेड होता. बघता बघता तो पानापानांत मुरून गेला.

रोपं तरारली, आणि काही दिवसांनी पहिलं वांगं खिचडीत पडलं. दुसरं आईच्या ताटात.

"कुणी दिलं गं हे?" आईने विचारलं.

"आमी सगळ्यांनी," गोजरी म्हणाली, आणि आईने पहिला घास तिलाच भरवला.